केबल ३९० रुपये झाली: बघतो सहा वाहिन्या, पैसे भरतो गावभरच्या

सुईदोरा (चिपळूण)

काल संध्याकाळी केबलवाल्याचा पोरगा दारात आला आणि म्हणाला, "काकी, या महिन्यापासून तीनशे नव्वद." मी ब्लाउजला हुक लावत होते. सुई बोटात गेली ती त्यामुळेच असं नाही म्हणत, पण गेली.

मी पेठमापला घरीच शिवणकाम करते. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत मागच्या पानांवर घरखर्च लिहायची माझी लग्नापासूनची सवय. पोरगा गेल्यावर जुन्या वह्या काढून बसले. बऱ्याचशा पुरात गेल्या, माळ्यावर होत्या तेवढ्या वाचल्या. २००९ ला १२० रुपये. २०१६ ला बॉक्स बसला तेव्हा २२०, वर बॉक्सचे १,२०० वेगळे. फेब्रुवारी २०१९, म्हणजे ते "आपल्या आवडीच्या वाहिन्या निवडा" प्रकरण आलं तेव्हा २७०. २०२३ ला ३१०, नंतर ३४०, आता ३९०. मी अस्तराच्या ब्लाउजला दहा रुपये वाढवले तर बायका आठवडाभर माझ्याकडे बघत नाहीत. यांना कुणी काही विचारत नाही.

२२ जुलै २०२१ च्या पुरात टीव्ही आणि बॉक्स दोन्ही चिखलात गेले. नवा बॉक्स मागितला तर ९०० रुपये. म्हटलं, अहो पूर आला होता. तर म्हणे, "बॉक्स तुमच्या ताब्यात होता ना काकी." वाशिष्ठी पण माझ्याच ताब्यात होती बहुतेक.

घरात माणसं पाच, टीव्ही एक. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, सह्याद्रीच्या सातच्या बातम्या लागतात आणि कुठे कीर्तन असेल तर ते. आईंना साडेसात ते साडेदहा मालिका. त्या दोन मोठ्या मराठी वाहिन्यांवर, इकडे जाहिरात लागली की तिकडे. आमचे हे लोट्याला कंपनीत, शिफ्ट ड्युटी, रविवार मिळाला तर एखादा हिंदी पिक्चर. मुलगा बारावीला, तो क्रिकेटसुद्धा मोबाइलवर बघतो. मी मशीनवर बसून नुसतं ऐकते. मालिका ऐकूनही कळतात, बघायची गरज नसते.

बोटं मोजली. ओढूनताणून सहा वाहिन्या होतात. पण रिमोटचं बटण दाबत गेलं तर बंगाली, तमिळ, कार्टून, रात्रभर कढया आणि कमरेचे पट्टे विकणारे, नंबर संपत नाहीत. पोराला म्हटलं, ३९० कशाचे ते लिहून दे. त्याने मोबाइलवरचा मेसेज दाखवला, पॅकचं नाव आणि खाली ३९०. पॅकच्या पोटात काय आहे ते कुठेच नाही. मी शिलाई, अस्तर, फॉल-पिको असं प्रत्येकाचं वेगळं लिहून देते, दीडशे रुपयांच्या कामालासुद्धा.

आणखी एक सल आहे. २०२३ च्या महाशिवरात्रीला आईंच्या दोन्ही वाहिन्या काळ्या झाल्या. एक तर उपास, त्यात मालिका नाहीत. घरात काय वातावरण असेल ते तुम्हीच समजा. चार-पाच दिवस तसंच. वाहिनीवाले आणि केबलवाले यांचं आपसात भांडण होतं असं नंतर कळलं. त्या दिवसांचे पैसे कुणी परत दिले नाहीत.

तर प्रश्न असा: फक्त हव्या तेवढ्या वाहिन्या घेतल्या तर खरंच स्वस्त पडतं का, की ते नुसतं सांगायला आहे? आणि आमच्याकडच्या पावसात छत्री, म्हणजे सरकारी फ्री डिश, चालते का? टीव्ही विका असं सांगणाऱ्यांनी आधी आमच्या आईंना येऊन सांगावं. चहा देईन.


अडकित्ता (पुणे)

चहा राहू दे, पण टीव्ही विकाच. आम्ही २०२० ला केबल काढून फेकली. घरात फायबर आहे, त्यावर अ‍ॅप. जे हवं ते, हवं तेव्हा. पॅक नाही, पोरगा नाही, कटकट नाही.


सुईदोरा

फायबरचे महिन्याला किती? आणि अ‍ॅपचे?


अडकित्ता

फायबर जीएसटी धरून सातशेच्या आसपास. अ‍ॅप तीन आहेत, दोन वर्षाचे एकदम भरतो, एक मुलीच्या नावावर आहे. बेरीज केलेली नाही. बायकोसमोर करणारही नाही.


लाईनमन (मिरज)

ताई, मला तुमच्या त्या पोराचा मालक समजा. म्हणजे तुमचा नाही, पण केबलवालाच. १९९६ पासून धंद्यात आहे. शिव्या खायची सवय आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

तुमच्या ३९० चे दोन भाग असतात. पहिला एनसीएफ. नुसती लाईन वापरायचं भाडं म्हणा, फुकटच्या वाहिन्या त्यातच येतात. मराठी बातम्यांच्या बहुतेक वाहिन्या फुकटच्याच आहेत, आणि दूरदर्शनच्या द्याव्याच लागतात, तेव्हा अण्णांचं काम तेवढ्यातच झालं. दुसरा भाग पैशाच्या वाहिन्यांचा. त्यांची किंमत वाहिनीवाला ठरवतो. मी ठरवत नाही, आणि माझ्या वरची कंट्रोल रूमवाली कंपनीही ठरवत नाही. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

आता १९ रुपयांची एक वाहिनी घ्या. तुम्ही भरता २२ रुपये ४२ पैसे. ३.४२ सरकारजमा. १९ मधले ८० टक्के, म्हणजे १५.२०, वाहिनीला. उरले ३.८०. वेगळा करार झाला नसेल तर त्याची वाटणी ५५-४५, मोठा वाटा कंपनीचा. माझ्या हाताला लागतात १ रुपया ७१ पैसे. आणि लोक मला विचारतात, "मालिका एवढी महाग का केली?" एनसीएफ १३० असेल तर त्याच हिशेबाने मला ५८.५०. त्यात पोराचा पगार, वायर, ॲम्प्लिफायर, वीजबिल, आणि दर पावसाळ्यानंतर रस्ता खोदायला येणारा जेसीबी. जेसीबी हा माझ्या धंद्यातला बिनभांडवली भागीदार आहे.

नियमांचं थोडक्यात सांगतो, कारण लोक जुने कागद घेऊन भांडायला येतात. २०१९ ला ट्रायने, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, ठरवलं की १०० वाहिन्यांपर्यंत एनसीएफ जास्तीत जास्त १३०. २०२० ला तेवढ्यातच २०० द्या म्हणाले, आणि त्यापुढे कितीही दिल्या तरी १६०. जुलै २०२४ ला ही कमाल मर्यादाच काढून टाकली. आता कंपनीने भाडं जाहीर करायचं, बस्स. तेव्हा "१३० च घेणार" असं म्हणून दुकानात जाऊ नका, तो कागद जुना झाला.

बुके म्हणजे वाहिनीवाल्याने एकत्र बांधलेला आपल्या वाहिन्यांचा गठ्ठा. त्याची गोष्ट जरा गंमतशीर आहे. १९ रुपयांहून महाग वाहिनी बुकेत घालता येत नाही. २०२० च्या आदेशात हा आकडा १२ वर आणला. वाहिनीवाले कोर्टात गेले. ते चालू असतानाच २०२१ मध्ये त्यांनी आपल्या चालत्या वाहिन्यांच्या किमती १२ च्या वर नेऊन त्या बुकेबाहेर काढायची तयारी केली. म्हणजे तुमच्या आईंच्या दोन्ही वाहिन्या सुट्या घ्याव्या लागल्या असत्या. स्वस्त करायला काढलेला आदेश आणि बिल उलट वाढलं असतं. शेवटी नोव्हेंबर २०२२ ला आकडा परत १९ वर नेला आणि फेब्रुवारी २०२३ पासून नवे दर लागले. तुमच्या महाशिवरात्रीचं भांडण तेच. ज्यांनी नव्या दरांच्या करारावर सही केली नाही त्यांचे सिग्नल तोडले. माझेही तोडले होते. चार दिवस फोन बंद करून मेहुण्याच्या मळ्यात जाऊन बसलो. पहिल्या दिवशी मेहुण्याची आईच विचारत आली, मालिका कधी लागणार.

आता एक कबुली. २०१९ ला मी ४६० घरांत वाहिन्या निवडायचे फॉर्म वाटले. भरून परत आले ३१, त्यातल्या चारांवर नुसती सही होती. ज्यांनी निवडलं नाही त्यांना "बेस्ट फिट प्लॅन"मध्ये टाका असं वरून आलं. बेस्ट कुणाला फिट, ते मला अजून कळलेलं नाही. वरून जो पॅक आला तो मी सगळ्यांना मारला. तुमच्याकडेही तसंच झालं असणार. पॅक मारला की माझं काम एका बटणाचं. प्रत्येकाच्या सहा-सहा वाहिन्या वेगळ्या करायच्या तर रात्र जाते. म्हणून पोरगा कधी आपणहून सांगणार नाही.

आज त्या ४६० ची २१० कनेक्शनं उरलीत. पोरं मोबाइलवर गेली, घरात म्हातारी माणसं राहिली.

तुम्ही असं करा. बॉक्सवर ९९९ नंबर लावा, वाहिन्यांचे दर तिथे दिसले पाहिजेत. हव्या त्या लिहून काढा आणि कोणती कुठल्या वाहिनीवाल्या कंपनीची ते बघा. एकाच कंपनीच्या तीन-चार हव्या असतील तर त्या कंपनीचा छोटा बुके घ्या, सुटं घेण्यात अर्थ नाही. कारण बुके सुट्यांच्या बेरजेपेक्षा ४५ टक्क्यांपर्यंत स्वस्त देता येतो. सुट्याची किंमत मुळात फुगवलेली असते ती बुके स्वस्त दिसावा म्हणूनच, पण ते आपण बोलायचं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची एकेक हवी असेल तर सुटंच परवडतं.


जुनी_पावती (डोंबिवली, मूळ गिरगाव)

लाईनमन, तुमचे १.७१ वाचून वाईट वाटलं. पण थोडंसंच.

आम्ही हा खेळ आधी बघितलाय. ३१ डिसेंबर २००६ ला दक्षिण मुंबईत "कॅस" आलं. बॉक्स घ्या, फुकटच्या वाहिन्यांना ७७ रुपये अधिक कर, आणि पैशाची कुठलीही वाहिनी पाच रुपये. कुठलीही! माझ्या वडिलांनी कागदावर सात वाहिन्या लिहून दिल्या होत्या, सगळ्यांत वर बातम्या, सगळ्यांत खाली, बारीक अक्षरात, कुस्ती. ती पावती अजून आहे माझ्याकडे. तेव्हा वाटायचं, हे आता देशभर होईल. झालं, पण पाचाचे एकोणीस होऊन.

सुईदोराताई, तक्रारीबद्दल: ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे अर्ज करून दमू नका. आधी केबल कंपनीच्या कॉल सेंटरला फोन करून तक्रार क्रमांक घ्या. नुसतं पोराला बोललात तर ती तक्रार धरतच नाहीत. मग कंपनीचा नोडल अधिकारी. तिथेही हललं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि बाहेरगावी जाणार असाल तर कनेक्शन महिनाभर तात्पुरतं बंद ठेवायला सांगता येतं. गणपतीत गावी जाणारे मुंबईकर हे कधीच करत नाहीत, बंद घरातल्या टीव्हीचे पैसे भरत बसतात.


रानमोगरा (खेड तालुका)

छत्रीचं मी सांगते, आमच्या वाडीत सात घरांवर आहे. बसवून घ्यायला एकदाच १,८०० गेले, त्यानंतर महिन्याला शून्य. सह्याद्री, बातम्या, जुने हिंदी पिक्चर, एखाददोन मराठी पिक्चर-मालिकांच्या वाहिन्या. पण तुमच्या आईंच्या त्या दोन मोठ्या वाहिन्या त्यावर नाहीत. हे बसवायच्या आधी सांगा, नंतर नको. मी नंतर सांगितलं होतं.

पावसाचं म्हणाल तर चांगला धो-धो लागला की चित्राचे चौकोन होतात आणि मग जातं. माझा भाऊ डिप्लोमावाला, तो म्हणतो छोट्या छत्रीला ज्या लहरी येतात त्या पावसाचे थेंब खाऊन टाकतात. पैशाच्या डीटीएचचंही तेच, छत्री लहान आणि लहरी त्याच. केबलच्या कंट्रोल रूमवर त्या मोठ्या तव्यासारख्या डिश असतात ना, त्यांच्या लहरी वेगळ्या, त्यांना पाऊस फारसा अडवत नाही. म्हणून जुलैत तुमची केबल चालते आणि आमची छत्री मान टाकते. जोर ओसरला की दहा मिनिटांत येतं परत. आमच्या सासऱ्यांनी त्यावर उपाय काढलाय. चित्र गेलं की ते झोपतात.

एकदा मात्र भर मे महिन्यात, ऊन असताना गेलं. तीन दिवस माणसाला फोन करतोय, येतो येतो म्हणतोय. शेवटी पोरगं कौलावर चढलं तर छत्रीच्या तोंडासमोर माडाची झावळ लोंबत होती.


लाईनमन

मोगराताई, बरोबर आहे भावाचं. फक्त आमच्याकडे पावसाने सिग्नल नाही गेला तरी वीज जाते आणि नोड, म्हणजे गल्लीतला सिग्नलचा डबा, बसतो. बॅटरी टाकली तर चोरीला जाते. एकूण एकच.


सुईदोरा

पंधरा दिवसांनी लिहिते आहे. लग्नसराई, वेळ नव्हता.

९९९ लावलं. अक्षरं मुंगीएवढी, आणि पान वाचून होण्याआधी पळतं. शेवटी मुलाने टीव्हीसमोर उभं राहून मोबाइलवर फोटो काढले आणि रात्री जेवणं झाल्यावर आम्ही यादी केली. आईंच्या दोन, १९ आणि १९. एक मराठी पिक्चरची, १०. यांची हिंदी, १५. अण्णांना भक्तीची एक हवी होती, ६. बेरीज ६९. एनसीएफ आमच्याकडे १६०. झाले २२९, जीएसटी धरून २७० रुपये २२ पैसे. लाईनमनदादांचं ऐकून बुकेही लावून बघितला, पण आमच्या पाच वाहिन्या चार कंपन्यांच्या निघाल्या, त्यामुळे सुटंच बरं पडत होतं.

चिठ्ठी घेऊन मी स्वतः केबलच्या ऑफिसात गेले, बाजारपुलाकडे. तिथली मुलगी म्हणाली, असं कुणी घेत नाही. मी म्हटलं, मी घेते. ती म्हणाली, सिस्टीमला होत नाही. मी खुर्चीवर बसले, पिशवीतलं फॉलचं काम काढलं आणि हात चालू ठेवला. अर्ध्या साडीचा फॉल झाल्यावर मालक आला. त्याने चिठ्ठी बघितली, मला बघितलं, आणि पाच मिनिटांत सिस्टीमला झालं. पावतीही मागून घेतली, प्रत्येक वाहिनीचं नाव आणि किंमत वेगळी लिहिलेली. निघताना तो म्हणाला, "काकी, हे बाकीच्यांना सांगू नका हं." मी ब्लाउजच्या मापाला येणाऱ्या प्रत्येकीला सांगते आहे.

पण गोष्ट इथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला आई उगीचच माजघरातून बाहेर-आत करायला लागल्या. एरवी ती त्यांची वामकुक्षीची वेळ. मी विचारलं, काही हवंय का? काही नाही म्हणाल्या. थोड्या वेळाने परत आल्या. मग हळूच, "ती एक वाहिनी होती गं... दुपारची." कुठली म्हणून विचारलं तर सांगेनात. मुलगा घरी होता, तो हसायला लागला. त्याला माहीत होतं. आमच्या आई, वय वर्षं चौऱ्याहत्तर, सोवळंओवळं पाळणाऱ्या, रोज दुपारी आम्ही झोपलो की आवाज बंद करून दाक्षिणात्य मारामारीचे हिंदीत डब केलेले पिक्चर बघायच्या. गाड्या उडतात, माणसं हवेत जातात ते. ती वाहिनी पॅकच्या पोटात होती. मी सहा वाहिन्या मोजल्या त्यात ती आलीच नाही, कारण ऐकायला काही यायचं नाही.

किंमत १५. परत ऑफिसात गेले. २४४, जीएसटी धरून २८७ रुपये ९२ पैसे. पूर्वीपेक्षा महिन्याला एकशेदोन वाचतात. मालकाने २९० मागितले, मी सुटे मोजून २८८ दिले.

आता आई दुपारी आवाज चालू ठेवतात.


अडकित्ता

ताई, बेरीज केली मी. महिना १,१८० पडतात. यादी कशी करायची ते जरा नीट सांगाल का?